मनेआब्यातलं मागणं

तारावा बेटाहून एक लाँच येणार, तिच्यातून बुआतारा नावाचा म्हातारा नातीला घेऊन उतरणार आणि मनेआब्यात, गावाच्या सभेच्या मोठ्या छपराखाली, आमच्याच घराण्याच्या खांबापाशी बसणार, ही बातमी शेजारच्या ब्वेनानं मला विहिरीवर सांगितली. मी पोहरा ओढत होते तो ओढतच राहिले. पोहरा वर आला, पाणी पायावर सांडलं, तरी मी ओढतेच आहे हे बघून ब्वेना म्हणाली, दोर संपला गं मानेवा. मी म्हटलं, संपू दे.

या माणसाची मी वाट बघत होते. लग्नाची पोर होते तेव्हापासून बघत होते, आणि आता माझे पुढचे दात हलायला लागलेत. आमच्या बेटावर लोक जहाजाची वाट बघतात, पावसाची बघतात. मी बुआताराची बघत होते.

नात्यानं तो माझ्या बाबांचा लांबचा भाऊ, म्हणजे माझा काका. त्याची आजी आमच्या गावची. पहिल्यांदा आला तेव्हा चांगला दांडगा तरुण होता. गावानं त्याला खाऊ घातलं, नाचवलं, मानेला पावडर लावली, अंगावर अत्तर शिंपडलं. शेवटच्या दिवशी सगळं गाव मनेआब्याच्या छपराखाली आपापल्या खांबापाशी बसलेलं असताना तो उठला आणि बाबांना म्हणाला, दादा, मला तुमची होडी द्या.

आम्ही याला बुबुती म्हणतो. नात्यातल्या माणसानं मागितलं की द्यायचं. भांडं असो, कोंबडी असो, अंगाखालची चटई असो. मनेआब्यात चारचौघांसमोर मागितलेलं नाकारणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. आणि दिलेलं परत मागणारा तर त्याच्याही खालचा, त्याची पोरंबाळंसुद्धा तोंड लपवत फिरतात. म्हणून शहाणा माणूस काय मागू नये हे ओळखून असतो. होडी कुणी मागत नाही. होडी म्हणजे घरातलं जेवण. पण बुआताराला ती आवडली होती आणि त्यानं मागितली. बाबांनी हसून दिली. तिची एकेक फळी माझ्या भावानं, तेबाऊनं, बाबांच्या बरोबर बसून काथ्यानं शिवलेली होती.

मग तेबाऊनं छपराआड पडलेली जुनी, किडलेली होडी डागडुजी करून काढली. घरात मासे तर हवे होते. कुपा मासा धरायला तो प्रवाळाच्या कड्याच्या बाहेर गेला आणि आला नाही. होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधतात ती उलांडी तेवढी कड्यावर लागलेली सापडली.

गावानं बुआताराला बोल लावला नाही. लावणार तरी कसा? त्यानं मागितलं होतं, चोरलं नव्हतं. उलट बाबांचंच नाव झालं. हसत हसत होडी देणारा माणूस म्हणून अजून जेवणावळीत त्यांची गोष्ट सांगतात. राग धरायला घरात मी एकटीच उरले, तर मी धरला. नीट, जपून धरला. नवरा आला, गेला, मूल काही झालं नाही, पण राग कधी कमी पडला नाही.

लाँच आली ती भरतीला. बुआताराला दोन माणसांनी खांद्याला धरून उतरवलं. तो दांडगा तरुण कुठल्या कुठे गेला होता. एक डोळा पांढरा झालेला, मान पुढे आलेली. त्याच्या बोटाला दुधाचे दात पडायला लागलेल्या वयाची एक पोर होती, तारीना. मनेआब्यात त्यानं रीतीप्रमाणे म्हाताऱ्यांपुढे तंबाखू ठेवली आणि सांगितलं की हिची आई बाळंतपणात गेली, बाप परक्या जहाजांवर खलाशी, वर्षावर्षानं तोंड दाखवतो. दुसरा डोळाही आता जाणार, त्याआधी पोरीला आपला खांब दाखवावा म्हणून आणलंय. मी नसलो तरी हिला कळायला हवं की कुठे बसायचं. बायकांचे डोळे भरून आले. माझे कोरडे होते.

त्याच्यासाठी मी माझ्या खड्ड्यातला सगळ्यात जुना अळूचा कंद उपसला. एवढा मोठा कंद आम्ही लग्नालाही काढत नाही. उकडला, कुटला, नारळाचं दूध आणि नीरेचा पाक घालून पुढे ठेवला. गाव म्हणालं, मानेवाचं मन बापासारखंच मोठं. मनाचं मोठेपण वगैरे काही नव्हतं. मला तो माझं अन्न खाऊन जड झालेला हवा होता.

दुपारी पाहुण्यावरच्या माश्या वारायला मीच पुढे झाले. विणलेला पंखा हलवत त्याच्यासमोर बसले आणि विचारलं, "काका, होडी कशी आहे?"

"कुठली होडी, पोरी?"

"इथून नेलीत ती. माझ्या बाबांची."

त्यानं हनुवटी खाजवली. बराच वेळ आठवत राहिला. मग म्हणाला, "हां हां, लाल टोकाची. ती कुठे राहिली माझ्याकडे? पुढच्याच बेटावर मेव्हण्यानं मागितली, देऊन टाकली. आपल्यात असंच, काय टिकतंय हाताला." आणि हसला.

"त्यानंतर तेबाऊ गेला," मी म्हटलं.

"कोण तेबाऊ?"

मी पंखा हलवत राहिले. हात थांबला असता तर मी त्याच पंख्यानं त्याच्या तोंडात मारलं असतं. इतकी वर्षं मी समजत होते की हा माणूस त्या होडीत बसून कुठेतरी मजेत मासे मारत असेल, शर्यती जिंकत असेल, आणि त्याच्यासाठी माझा भाऊ गेला. तेवढंसुद्धा नव्हतं. होडी त्याच्याकडे महिनाभरही नव्हती, आणि ज्याच्या जिवावर ती आली त्याचं नावही याला ठाऊक नव्हतं.

त्याच्याकडून काय मागायचं हे मी तोवर ठरवलेलं नव्हतं. लाँच मागावी असं मनात होतं, पण ती भाड्याची निघाली. तारावातलं घर मागावं तर ते मला काय कामाचं? मी विचार करत बसले होते आणि समोर तो तारीनाला मासा भरवत होता. डोळ्याला दिसत नाही म्हणून प्रत्येक घास आधी स्वतःच्या जिभेवर घेऊन काटा आहे का बघायचा आणि मग तिच्या तोंडात द्यायचा. पोर कंटाळून म्हणाली, "आजोबा, तुम्हीच अर्धा खाता." तेव्हा तो इतका खूश होऊन हसला की माझा विचार तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी जेवण झालं, नाच झाला, पाहुण्यालाही चार पावलं नाचवलं. गावातले सगळ्यात थोर म्हातारे करोतू यांनी विचारलं, कुणाला पाहुण्याशी काही बोलायचंय का. मी माझ्या खांबापासून उठले. आमच्यात मूल मागून घेणं नवलाचं नाही, नात्यात चालतंच, पण पोर पोटात असतानाच मागतात, आणि सख्ख्याच्यात मागतात. असं वाढलेलं, एकुलतं, म्हाताऱ्याच्या डोळ्याच्या जागी असलेलं पोर कुणी मागत नाही. होडी कुणी मागत नाही, तसंच.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही आमचे. तुमचा खांब तो माझा खांब. मला मूल नाही. तारीनाला मला द्या."

मनेआब्यात कुणीतरी खोकत होतं ते थांबलं. बुआतारानं चांगला डोळा माझ्याकडे वळवला. त्या वेळी त्याला होडी नीट आठवली असावी. मला तरी तसं दिसलं, आणि ते दिसावं म्हणूनच मी पहिल्या रांगेपर्यंत चालत गेले होते. त्याचा ओठ हलला. मग तो हसला. बाबा हसले होते तस्साच, दात दाखवून, डोळे बाजूला ठेवून.

"तुझीच आहे," तो म्हणाला. "घेऊन जा."

पोटात इतकं गार वाटलं की सांगता सोय नाही. तारीनाचा हात धरून मी तिला घरी आणलं. तिला वाटलं पाहुणचार आहे. चहा प्यायली आणि म्हणाली, तुमचा चहा खारट आहे. मी म्हटलं, विहीरच खारट आहे, सवय कर. तेव्हा तिनं पहिल्यांदा दाराकडे बघितलं.

पाहुण्यांची झोपडी माझ्या घरातून दिसते. लाँचमध्ये खोबऱ्याची पोती भरायची होती, त्यामुळे बुआतारा आणखी काही दिवस तिथेच अडकला होता. दिलेल्या वस्तूकडे देणाऱ्यानं बघायचं नसतं, म्हणून तो पाठ करून बसायचा. मी पोरीला मुद्दाम त्याच्यासमोरच्या नारळाखाली आणून तिचे केस विंचरायची. ती "आजोबा" म्हणून हाक मारायची. त्याची पाठ हलायची, पण तो वळायचा नाही. मी आणखी सावकाश विंचरायची.

एकदा त्यानं ब्वेनाकडून निरोप पाठवला, पोर कुत्र्याला भिते, तेवढं बघा. मी माझा कुत्रा सुटाच ठेवला. ब्वेना म्हणाली, "अगं, तुझं भांडण म्हाताऱ्याशी आहे, कुत्रं कुणावर सोडतेस?" मी म्हटलं, तुझ्या घरचं बघ. संध्याकाळी बघते तर तारीना चुलीच्या ओट्यावर पाय वर घेऊन बसलेली, कुत्रा खाली, आणि ती त्याला दटावतेय, "जवळ आलास तर आजोबांना सांगीन." मग थोडं थांबून म्हणाली, "नाहीतर या बाईला सांगीन." मी कुत्रा बांधला. पोर मला आवडायला लागली होती, आणि त्याचाही मला रागच आला.

तिला केवड्याच्या पातीचं विणकाम शिकवलं. बोटं कापून घेतली तरी रडली नाही. मासा वाढला की मात्र खायची नाही, काट्याकडे बघत बसायची. पहिल्या दिवशी मी म्हटलं, उपाशी रहा. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे पाठ केली आणि एकेक घास माझ्या जिभेवर घेऊन काटे काढले. कुणी बघत नव्हतं.

लाँच निघायचा दिवस आला. ओहोटी होती, म्हणून लाँच लांब उभी होती आणि तिथवर पाण्यातून चालत जायचं होतं. सगळं गाव किनाऱ्यावर निरोपाचं गाणं म्हणत उभं. मी तारीनाला घेऊन अगदी पुढे उभी राहिले. त्यानं जाताना तिला बघावं आणि काही करता येऊ नये, हे मला डोळ्यांनी पाहायचं होतं. तो कुणाकडेही न बघता, डोक्यावरची फुलांची माळ सावरत पाण्यात उतरला. गुडघाभर गेला, कंबरभर गेला. तिथे थांबला. लाँचवरचा माणूस हात पुढे करून उभा होता, पण बुआतारा तो हात धरेना.

मग तो वळला. गाणं म्हणणाऱ्यांनी आधी आवाज चढवला, त्यांना वाटलं काही विसरलं असेल. फुलं पाण्यात पडली, ती त्यानं उचलली नाहीत. किनाऱ्यावर आला, माझ्यासमोरून गेला, माझ्याशी बोलला नाही, तारीनाला हात लावला नाही. सरळ मनेआब्याकडे गेला, वाकून छपराखाली शिरला आणि मध्यभागी उभा राहिला. ओल्या लुंगीचं पाणी चटयांवर ठिबकत होतं. मनेआब्यात दिलेलं मनेआब्यातच बोलायचं असतं, हे तो विसरला नव्हता. एकेक करत सगळे आत आले, आपापल्या खांबापाशी बसले.

"मानेवा," तो म्हणाला. माझं नाव त्यानं पहिल्यांदा घेतलं. "मी दिलेलं परत मागतो. पोरीला मला दे."

मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. करोतू जागेवरून अर्धवट उठले. त्यांच्या तोंडावर मला खरी भीती दिसली. "बुआतारा," ते म्हणाले, "कुठे उभा आहेस ते नीट बघ. शब्द मागे घे आणि लाँचमध्ये जाऊन बस. आम्ही काही ऐकलं नाही असं म्हणू."

"ऐका की," बुआतारा म्हणाला. "ऐकावं म्हणूनच मोठ्यानं बोललो. माझ्या नावाचं काय व्हायचं ते होऊ दे. काय करायचंय त्या नावाला घेऊन? मला पोर पाहिजे."

आता पुरुष उघड हसायला लागले. बायकांनी तोंडावर हात ठेवले. असं कुणी बोललेलं आमच्या मनेआब्यानं ऐकलं नव्हतं. एवढ्या उतारवयात त्या माणसानं आपल्या नावाची माती केली होती, आणि ती मी करायला लावली होती. जे मी आयुष्यभर मागत होते ते सगळं माझ्यासमोर ओल्या लुंगीत थरथरत उभं होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि माझ्या रागाला त्याच्यात धरायला काही सापडेना. तो मेव्हण्याला होडी देऊन विसरून गेलेला माणूस हा नव्हताच.

मी "न्या" म्हणाले. म्हणायची गरजही नव्हती. तारीना कधीच त्याच्या मांडीला जाऊन चिकटली होती.

त्यानं तिला उचललं आणि तो निघाला. गावातली पोरं त्याच्या मागे "दिलेलं परत खाणारा म्हातारा" असं ओरडत पाण्यापर्यंत धावली. मोठ्यांनी त्यांना आवरलं नाही. तो पाण्यातून चालला होता आणि पोरीशी काहीतरी बोलत होता. ती त्याच्या खांद्यावरून मागे बघत मला हात करत होती. तो तर हसत होता. या वेळी तो खरं हसत होता.

लोक माझ्याभोवती गोळा झाले. ब्वेनासुद्धा म्हणाली, जिंकलीस बाई, आता सगळ्या बेटांवर त्याची नाचक्की. करोतूंनी पुन्हा बाबांचं नाव काढलं. बघा, तो देणारा आणि हा मागणारा. तुझ्या बापासारखा माणूस होणे नाही, मानेवा.

मी घरी आले. आमच्याकडे थडगं घराला लागूनच असतं. बाबांचं माझ्या दारात आहे, भोवती मी पांढरे दगड लावलेत, आणि रोज सकाळी त्यावरचा पाला वेचते. त्या दिवशी तिथे उभी राहिले आणि जे मी इतकी वर्षं आठवायचं टाळलं होतं ते आठवलं. होडी दिली त्याच्या दुसऱ्या दिवशीही बुआतारा गावातच होता. होडी किनाऱ्यावरच होती. तेबाऊ बाबांच्या पाया पडला होता. म्हणाला होता, बाबा, जाऊन परत मागा, अजून वेळ गेलेली नाही, त्या किडक्या होडीतून मी कड्याच्या बाहेर कसा जाऊ? बाबांनी त्याला म्हटलं होतं, लोक मला काय म्हणतील? मी दाराआड उभी राहून ऐकलं होतं. त्या दिवशी बाबांवर रागावणं मला जमलं नाही. बाबा घरचे होते आणि बुआतारा लांबचा. राग लांबच्यावर धरायला सोपा पडतो.

"एवढं तर म्हणायचं होतं," मी थडग्याला म्हटलं. "कंबरभर पाण्यातून परत यायचं होतं. तुमचंही एक पोर होतं."

तेव्हापासून मी त्या थडग्यावरचा पाला वेचत नाही. दगडांवर शेवाळ चढलंय, केवड्याची सुकी पानं साठलीत, कोंबड्या तिथेच उकरत असतात. येणारे जाणारे विचारतात, अहो, एवढ्या मोठ्या माणसाचं थडगं आणि ही दशा? मी त्यांना सांगते, तुम्हाला एवढा मोठा वाटतो ना, मग तुम्हीच झाडा.